धाकट्या गाडीचे डिझेल

आजच्या व्याख्यानाचा विषय आम्हास कोणत्याही ग्रंथात सापडला नाही. तो दिघाशीच्या एका टेम्पोवाल्याने दिला. दिघाशी हे भिवंडी तालुक्यातील गाव. भोवताली भातशेती, पावसाळा सरला की वीटभट्ट्या, आणि भिवंडीच्या बाजूस सरकावे तसतसा मागांचा खडखडाट व गोदामांच्या रांगा. अशा मुलखात ज्याच्या दारी चार चाकांचा टेम्पो उभा आहे त्यास कामाची वाण सहसा पडत नाही. भट्टीच्या विटा, भाताचा पेंढा, सुताच्या गोण्या, कापडाचे तागे, गोदामातले खोके, जे भाडे मिळेल ते तो वाहतो. हा गृहस्थ जुना टेम्पो काढून नवा घेण्याच्या खटपटीत होता. आम्हास म्हणाला, "मास्तर, पहिला छोटा हत्ती घेतला तेव्हा शोरूममध्ये डिझेलशिवाय दुसरी गाडीच नव्हती. आता गेलो तर पेट्रोलची दाखवतात, सीएनजीची दाखवतात, बॅटरीचीसुद्धा दाखवतात. डिझेलची मागितली तर विकणारा म्हणतो, आहे, पण घेताय कशाला? हे डिझेल गेलं कुठं?"

या प्रश्नाची दोन उत्तरे नाक्यावर तयार असतात. एक, सरकारने डिझेल बंद केले. दुसरे, डिझेल महागले. दोन्हींत थोडथोडे तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. आम्हास असे वाटते की प्रश्न उलट बाजूने धरावा. लहान गाडीत डिझेल इंजिन आता दुर्मिळ का झाले, याआधी ते तेथे इतके मुबलक झालेच कसे, हे पाहावे. कारण मूळची स्थिती दुर्मिळतेचीच होती. मधली पंचवीस-तीस वर्षे काय ती निराळी गेली, आणि ती दोन टेकूंवर उभी होती: एक स्वस्त तेलाचा आणि दुसरा धुराच्या मोकळीकीचा.

प्रथम यंत्राकडे वळू. सायकलीत हवा भरताना पंपाचे तोंड बोटास चटका देते, हा अनुभव सर्वांस आहे. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल (1858–1913) या जर्मन इंजिनिअराने एवढ्याच गोष्टीवर आपले यंत्र उभे केले. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण साधारणतः दहाव्या हिश्शापर्यंत दाबतात आणि मग विजेच्या ठिणगीने पेटवतात. डिझेल इंजिनात नुसती हवाच पंधराव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. ती इतकी तापते की तीत तेलाचा बारीक फवारा सोडताच ते ठिणगीवाचून पेट घेते. 1897 साली आउग्सबुर्ग येथे या इंजिनाची परीक्षा झाली तेव्हा त्याने इंधनातील उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग कामाच्या रूपाने परत दिला. त्या काळची वाफेची इंजिने याच्या पुष्कळ मागे होती.

या काटकसरीचे कारण जितके दाबण्यात आहे तितकेच हवेच्या वाटेत आहे. पेट्रोल इंजिनास कमी जोर हवा असला की हवेची वाट झडपेने अरुंद करावी लागते, आणि त्या अरुंद वाटेतून श्वास ओढण्यातच शक्ती वाया जाते. डिझेलमध्ये हवा नेहमी पोटभर असते. कमीजास्त करायचे ते तेल. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा शेकडा दहाहून अधिक उष्णता असते. यास्तव ओझे भरलेली गाडी कसाऱ्याचा घाट मंद गतीने चढत असता डिझेलची ओढ जशी जाणवते तशी पेट्रोलची जाणवत नाही.

परंतु एवढा दाब सोसावयाचा तर भिंती जाड हव्यात, दट्ट्याचा दांडा भक्कम हवा, आणि तेल फवारणारा पंप व त्याचे नोझल तर केसाच्याही अंशाने चुकता कामा नये. म्हणून डिझेल इंजिन जड आणि महाग. मोठ्या यंत्रास हा बोजा जाणवत नाही, लहानास जाणवतो. साहजिकच डिझेल प्रथम गेले ते जहाजांत, कारखान्यांत, पाण्याच्या पंपांवर आणि पिठाच्या गिरण्यांत. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांस गिरणीच्या इंजिनाचा तो संथ ठोका आठवेल. पुण्यास खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली निघाली ती याच गरजेपोटी. पाठोपाठ 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार करून जमशेदपुरास मोठे ट्रक बांधावयास घेतले, तेही डिझेलचे.

लहान गाड्यांचे मात्र तसे नव्हते. महिंद्रांची जीप आरंभी पेट्रोलवर चाले. 1958 साली फिरोदियांनी बजाज टेम्पो ही कंपनी काढून जर्मन नमुन्याची तीनचाकी आणली, तिलाही दुटप्प्याचे लहान पेट्रोल इंजिन होते. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, 'टेम्पो' हे त्या जर्मन कारखान्याचे नाव. आज मराठीत कोणत्याही कंपनीच्या मालगाडीस आपण टेम्पो म्हणतो, आणि हा शब्द कोठून आला हे कोणी विचारीत नाही.

पालट झाला तो 1973 नंतर. त्या वर्षी अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडला आणि जगभर भाव भडकले. आपल्याकडे सरकारने डिझेलचा भाव पेट्रोलपेक्षा मुद्दाम खाली ठेवला. हेतू चांगला होता: शेतकऱ्याचा पंप, एसटीची बस आणि धान्य वाहणारा ट्रक यांस तेल परवडले पाहिजे. पण पंपावरची नळी गाडीची जात विचारीत नाही. जो भाव ट्रकास तोच जीपवाल्यास. मग जीपवाला पेट्रोल का जाळील? महिंद्रांनी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसविले, आणि 1980 नंतर फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या नमुन्याची डिझेल इंजिने इगतपुरीस बनू लागली. मॅटाडोर 1969 पासून रस्त्यावर होतीच. जपानी कंपन्यांशी करार करून चार भारतीय कारखान्यांनी हलके ट्रक आणले, तेही डिझेलचे. त्यांस उत्तर म्हणून टाटांनी 1986 साली पुण्याहून 407 काढली. भिवंडीच्या गल्लीबोळांत सुताची बिमे वाहून नेणारी ती गाडी ज्याने पाहिली नाही असा भिवंडीकर विरळा. पुढे 1994 साली सुमो, 2002 साली नाशिकची स्कॉर्पिओ. आणि मे 2005 मध्ये टाटांचा एस, ज्याचे बारसे लोकांनीच 'छोटा हत्ती' असे केले. दोन सिलिंडरांचे 702 घनसेंटिमीटरचे इंजिन, ताकद अवघी 16 घोड्यांची, आणि तेही डिझेलचे! एवढ्या लहान गाडीत एवढे लहान डिझेल इंजिन घालणे ही जगात सर्रास आढळणारी गोष्ट नव्हे. येथे ते शक्य झाले आणि लाखांनी खपले, यात इंजिनिअरांच्या कर्तबगारीइतकाच तेलाच्या भावाचा वाटा आहे.

तो भाव किती निराळा होता ते पाहा. मे 2012 च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल सुमारे 73 रुपये लिटर होते आणि डिझेल सुमारे 41. पेट्रोलचा भाव जून 2010 मध्ये बाजारावर सोडला होता, डिझेलचा धरून ठेवला होता. परिणाम असा की त्या सुमारास देशात खपणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या झाल्या. शेतकऱ्यासाठी स्वस्त ठेवलेले तेल शहरातील उंच मोटारींच्या टाक्यांत जाऊ लागले. डॉ. किरीट पारीख यांच्या समितीने 2010 सालीच डिझेल मोटारींवर 80,000 रुपयांचा जादा कर सुचविला होता. तो बसला नाही. जानेवारी 2013 पासून डिझेलचा भाव महिन्याकाठी थोडथोडा चढवीत नेला आणि ऑक्टोबर 2014 मध्ये तोही बाजारावर सोडला. पहिला टेकू निघाला तो येथे.

आता आमच्या टेम्पोवाल्याचा हिशेब मांडू. आकडे केवळ समजुतीपुरते धरावेत. वर्षाचे 300 दिवस, दिवसास 60 किलोमीटर, म्हणजे 18,000 किलोमीटर. डिझेलची गाडी लिटरमागे 20 किलोमीटर चालते असे धरले तर 900 लिटर लागेल; पेट्रोलची 16 धरली तर 1,125 लिटर. 2012 च्या दिल्लीच्या भावाने डिझेलचा खर्च 36,900 रुपये, पेट्रोलचा 82,125. निम्म्याहून कमी! दोन वर्षांत जादा किंमत वसूल. 2025 साली मुंबईत पेट्रोल सुमारे 103 रुपये व डिझेल सुमारे 90 रुपये होते. त्या भावाने डिझेलचा खर्च 81,000 आणि पेट्रोलचा 1,15,875. येथे श्रोत्यांपैकी कोणी चाणाक्ष गृहस्थ म्हणेल, "अहो, मग अजूनही 35,000 रुपये वाचतातच की! डिझेल महागले म्हणून गेले, हे खरे कसे?"

शंका रास्त आहे, आणि म्हणूनच नाक्यावरचे दुसरे उत्तर अपुरे आहे असे आम्ही म्हटले. डिझेल पेट्रोलपुढे आजही हरत नाही. ते हरते ते तिसऱ्यापुढे. मुंबई-ठाणे टापूत 2025 साली सीएनजी किलोला 80 रुपयांच्या आसपास होता, आणि किलोमागेही 20 किलोमीटर धरले तर वर्षाचा खर्च 72,000 रुपये येतो. म्हणजे डिझेलपेक्षा 9,000 कमी. दिल्लीत पूर्वी जे काम स्वस्त डिझेलने केले तेच आमच्या भागात आता वायूने केले आहे. त्यातून सीएनजीची गाडी म्हणजे मुळात पेट्रोलचीच गाडी. टाकी व थोडी नळजोडणी एवढाच काय तो जादा खर्च. याउलट डिझेल गाडीची किंमत मात्र वर गेली. ती का गेली, हा आता पुढचा भाग, आणि आमच्या मते खरा गाभा येथे आहे.

डिझेलच्या धुरात दोन वस्तू वाईट. एक काजळी. तेलाचा फवारा हवेत पुरता मिसळण्याआधीच पेट घेतो, म्हणून थेंबाच्या पोटातला काही कोळसा अर्धवट जळतो आणि काळा धूर होऊन बाहेर पडतो. दुसरी वस्तू डोळ्यांस दिसत नाही. आतील ज्वाळा फार तापली की हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ही श्वासनलिकेस जाचक असतात, आणि उन्हात त्यांपासून पुढे ओझोन बनतो. दुर्दैव असे की एकीस आवरावे तर दुसरी उसळते. जळण नीट व्हावे म्हणून ज्वाळा तापवली तर काजळी घटते पण ऑक्साइडे वाढतात. थंड ठेवली तर याच्या उलट. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे प्रमाण नेमके राखता येते, म्हणून धुराड्यात एकच उत्प्रेरक पेटी बसविली की ती तीनही दोष एकदम निस्तरते. डिझेलमध्ये हवा नेहमी जास्तच असते, म्हणून ती पेटी येथे ऑक्साइडांपुढे लटकी पडते. ज्या मोकळ्या हवेमुळे डिझेल काटकसरी झाले तीच येथे आड येते.

जोवर नियम सैल होते तोवर हे चालून गेले. 2000 सालापासून आपल्याकडे युरोपच्या धर्तीवर टप्पे आले. एप्रिल 2017 मध्ये भारत-4 देशभर लागू झाला, आणि पाचवा टप्पा गाळून 1 एप्रिल 2020 रोजी भारत-6 आला. डिझेल मोटारीस किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा 0.25 ग्रॅमवरून 0.08 ग्रॅमवर आली, काजळीची 0.025 वरून 0.0045 ग्रॅमवर. तेलातील गंधकही दहा लक्ष भागांत 50 भागांवरून 10 भागांवर उतरविला, कारण गंधकाने उत्प्रेरक मरतात. पेट्रोल मोटारीस मात्र ऑक्साइडांची मर्यादा 0.08 वरून 0.06 एवढीच काय ती खाली आणावी लागली. एकास पायरी, दुसऱ्यास कडा.

हा कडा चढण्यासाठी डिझेल गाडीस काजळीची गाळणी लावावी लागते. ऑक्साइडांसाठी एकतर ती पकडून ठेवणारी पेटी, नाहीतर युरियाचे पाणी फवारणारी व्यवस्था, तिच्यासाठी वेगळी टाकी. आणि या सर्वांवर नजर ठेवणारे सेन्सर व संगणक. आता लग्नाच्या खर्चाचा विचार करा. जेवणावळीचा खर्च पानामागे वाढतो, परंतु मांडव, वाजंत्री, भटजी यांचा खर्च पाहुणे पन्नास असोत की पाचशे, फारसा बदलत नाही. धूर शुद्ध करण्याची साधने बव्हंशी मांडवखर्चात मोडतात. सोळा चाकांच्या ट्रकास तो खर्च पाचशे पानांत वाटला जातो. छोट्या हत्तीस तो पन्नास पानांवरच घ्यावा लागतो. म्हणून डिझेल मोठ्या गाडीत टिकले आणि धाकट्या गाडीतून ओसरले. यात कोणाचा कट नाही, पक्षपात नाही.

हे झाले तेही फार झपाट्याने. मारुतीने एप्रिल 2019 मध्ये जाहीर केले की पुढील एप्रिलपासून आपण डिझेल गाड्या विकणार नाही, आणि तसे केले. तिची ब्रेझा ही लहान एसयूव्ही 2016 साली आली तेव्हा फक्त डिझेलची होती. 2020 साली तीच गाडी फक्त पेट्रोलची झाली. तिच्यातले 1.3 लिटरचे इंजिन फियाटच्या घराण्यातले. ते इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले होते की मोटारींच्या जगात त्यास गमतीने 'राष्ट्रीय डिझेल इंजिन' म्हणत. आमच्या पुणे जिल्ह्यातील रांजणगावासही ते बनत असे. तेही 2020 साली थांबले. मारुतीचा सुपर कॅरी हा छोटा टेम्पो 2016 साली डिझेलवर आला होता, तो आता पेट्रोल व सीएनजीवर चालतो. नव्या मोटारींतील डिझेलचा वाटा पाचात एकाच्या आसपास उतरला, आणि उरलेला बहुतेक सगळा मोठ्या एसयूव्हींचा.

सरकारने बंदी घातली काय? देशभर नाही. दिल्लीची गोष्ट निराळी. तेथे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस मज्जाव केला, आणि त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने 2,000 घनसेंटिमीटर व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबविली. ऑगस्ट 2016 मध्ये एक टक्का अधिभार लावून ती पुन्हा खुली केली. त्या आठ महिन्यांत महिंद्रांनी 1.99 लिटरचे इंजिन काढून मर्यादेच्या आत पाऊल टाकले! आम्हास या चातुर्याचे हसूही येते आणि कौतुकही वाटते. पण दिल्लीच्या या हुकमांनी दिघाशीचा डिझेल टेम्पो बंद झाला असे कोणी म्हणू नये.

खरीखुरी बंदी पाहावयाची तर ब्राझीलकडे पाहावे. त्या देशाने 1976 सालीच लहान मोटारींत डिझेल नको असे ठरविले. जी गाडी एक टन वाहील किंवा जी चारही चाके चालविणारी रानगाडी असेल तिलाच डिझेल. शेतकऱ्याचे तेल शेतकऱ्यास राहावे हा हेतू. आपण भाव खाली ठेवून दार उघडे टाकले, त्यांनी दारावर पहारा बसविला. तरी तेथेही धनिकांच्या एसयूव्ही रानगाडीच्या दाराने आत शिरल्याच. अमेरिकेत तर डिझेल धाकट्या गाडीत कधी नीट रुजलेच नाही. तेथे केंद्राचा कर गॅलनमागे पेट्रोलवर 18.4 सेंट व डिझेलवर 24.4 सेंट. त्यात 1978 पासून जनरल मोटर्सने विकलेली डिझेल इंजिने इतकी बिघडली की एका पिढीचा विश्वास उडाला. फोर्डने आपल्या खपाऊ हलक्या ट्रकात 2018 साली डिझेल घातले आणि 2021 साली काढून घेतले. युरोपात याच्या उलट निम्म्या नव्या मोटारी डिझेलच्या होत्या. सप्टेंबर 2015 मध्ये फोल्क्सवागनने परीक्षेपुरता धूर स्वच्छ दाखविण्याची लबाडी केल्याचे उघडकीस आले, तेव्हापासून तेथेही उतरती कळा लागली.

धुराचा प्रश्न केवळ कागदी मर्यादांचा नव्हे. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसास निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला. भिवंडीच्या नाक्यांवर तास तास खोळंबणाऱ्या वाहनांत बसलेले चालक, हमाल आणि शाळेतून परतणारी मुले हाच धूर पितात. मात्र या बदलाची किंमत कोणी मोजली तेही पाहिले पाहिजे. पंप व नोझल खोलून, कानाने ठोका ऐकून इंजिन जुळवणारे कारागीर आमच्या प्रत्येक गावी होते. संगणकाच्या गाडीपुढे त्यांची विद्या थिटी पडते, आणि ती नव्याने शिकविण्याची सोय कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता परत टेम्पोवाल्याकडे. जून 2025 मध्ये छोट्या हत्तीचा धाकटा भाऊ एस प्रो बाजारात आला: पेट्रोल, सीएनजी आणि बॅटरी अशा तीन रूपांत. डिझेल नाही. लगेच सप्टेंबरात त्याच कंपनीने एस गोल्ड प्लस हा डिझेलचाच टेम्पो काढला, युरियाच्या टाकीऐवजी ऑक्साइडे पकडणारी पेटी लावून. किंमत त्या वेळी 5 लाख 52 हजार. एस प्रोची पेट्रोल गाडी 3 लाख 99 हजारांपासून. दोन्हींचे ओझे सारखे नाही, गोल्ड प्लस अधिक वाहतो. तेव्हा ही तुलना तंतोतंत नव्हे, पण अंतर कळते. म्हणजे डिझेल संपले नाही. ज्यास त्याची ओढ विकत घ्यावयाची आहे त्याने तेवढे मोल द्यावयाचे, एवढाच अर्थ.

आम्ही त्यास विचारले, तुझ्या फेऱ्या कोठे असतात? म्हणाला, बहुतेक भिवंडी आणि गोदामे. महिन्यातून दोनतीनदा नाशिक. येथे ध्यानात ठेवण्याची बाब अशी की काजळीची गाळणी स्वतःला साफ करते ती साठलेली काजळी जाळून, आणि त्यासाठी धुराडे चांगले तापावे लागते. थोड्या अंतराच्या, रेंगाळत्या फेऱ्यांत ते तापत नाही, गाळणी तुंबते, आणि मग गॅरेजचे बिल येते. ज्याची गाडी रोज शंभर-दोनशे किलोमीटर सलग पळते त्याने डिझेल खुशाल घ्यावे. ज्याची नाक्यानाक्यावर अडते त्याने ही गोष्ट आधी विचारून घ्यावी. सीएनजीसही खोड्या आहेत: टाक्यांचे वजन, घाटात कमी पडणारा जोर, आणि पंपावरची रांग.

तो थोडा वेळ बोटांवर काही मोजत बसला. मग म्हणाला, "रांगेत गेलेला तास तुमच्या हिशेबात धरलात का, मास्तर?" आम्ही धरला नव्हता. त्याने खिशातून वही काढली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता पंपावर किती गाड्या उभ्या असतात ते स्वतः जाऊन पाहावयाचे ठरविले.